गेमची लॉबी आणि गप्पांची जागा कशी निवडावी: आधी सगळ्यांचं नेट तपासा

आमचा सात जणांचा कंपू दर शनिवारी रात्री साडेनऊला ‘एज ऑफ एम्पायर्स २’ खेळायला बसतो. चौघे पुण्यात, दोघे नाशकात आणि एक न्यू जर्सीत, त्याची तेव्हा जेमतेम दुपार असते. आजवर कितीतरी लॉब्या (गेम सुरू होण्याआधी खेळाडू जमतात त्या ऑनलाइन खोल्या) आणि चॅट अ‍ॅपं बदलून झाली. ‘अमुक डाउनलोड करा, काम झालं’ असं कोणी सांगितलं की माझं डोकं फिरतं. सांगणाऱ्याच्या घरचं नेट चांगलं असतं, बाकी काही नाही.

पहिली गोष्ट म्हणजे गप्पा आणि लॉबी एकाच दावणीला बांधू नका. गेमांना लॉबी पुरवणाऱ्या गेमस्पायची सेवा २०१४च्या मे अखेरीस बंद झाली आणि तिच्यावर चालणाऱ्या कितीतरी गेमांचं ऑनलाइन खेळणं त्या दिवशी संपलं. आपल्याकडे सप्टेंबर २०२०मध्ये पब्जी मोबाइलवर बंदी आली, तेव्हा गेममधल्याच चॅटवर जमलेल्या पोरांकडे एकमेकांचे नंबरसुद्धा नव्हते. बोलायला डिस्कॉर्ड घ्या. फुकट आहे, आणि व्हॉइस चॅनलच्या सेटिंगमध्ये रीजन भारत निवडता येतो. कंपूत कोणी सर्व्हर सांभाळणारा हौशी असेल तर मम्बल (आपल्याच सर्व्हरवर चालवायचं व्हॉइस अ‍ॅप) उत्तम. व्हॉट्सअ‍ॅप फक्त ‘आज कोण कोण आहे?’ एवढं विचारायला.

लॉबी कुठली, हे बहुतेक वेळा गेमच ठरवतो. ‘एज २’ची २०१९ची नवी आवृत्ती ‘डेफिनिटिव्ह एडिशन’ असेल तर तिचीच लॉबी वापरा, खोली उघडताना बहुतेकांना जवळचा सर्व्हर निवडा आणि पुढचे पाच परिच्छेद सोडून द्या. अमेरिकेतल्या मित्राचा पिंग (संदेश जाऊन-येऊन लागणारा वेळ) जास्तच राहणार. मुंबई ते न्यू जर्सी साधारण साडेबारा हजार किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर धावतो, म्हणजे जाऊन-येऊन सव्वाशे मिलिसेकंद तर गणितातच गेले. ‘पिंग बूस्टर’ विकणाऱ्याने ते परत आणून दाखवावेत.

खरी गोची जुन्या गेमात आहे. १९९९चा मूळ ‘एज २’, किंवा खेळाडूंपैकीच कोणीतरी होस्ट करायचा, म्हणजे आपल्या मशीनवर चालवायचा, असा कुठलाही गेम. तिथे लॉबी ही नुसती चावडी. माणसं भेटतात, पण गेम सुरू झाला की कॉम्प्युटर एकमेकांशी थेट बोलू पाहतात, आणि मूळ ‘एज २’मध्ये प्रत्येकाला प्रत्येकाशी जोडावं लागतं. माझे दोन महिने इथे गेले. मला सगळे दिसायचे, सगळ्यांना मी दिसायचो, पण नाशिकच्या दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. ‘दिसतोय का?’ ‘नाही रे.’ ‘आता?’ रात्रीचे बारा.

मी तेव्हा यूट्यूबवर बघून राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून येणाऱ्या गेमच्या संदेशांना आपल्या मशीनपर्यंत वाट करून देणं, करत बसलो होतो. तुम्ही ते करू नका, निदान आधी नको. आधी हे बघा: ब्राउझरमध्ये राउटरचं पान उघडा (बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१), तिथे वॅन किंवा इंटरनेटखाली लिहिलेला आयपी पत्ता टिपून घ्या आणि ‘माझा आयपी काय’ दाखवणाऱ्या कुठल्याही साइटवरच्या आकड्याशी ताडून पाहा. दोन्ही सारखे असतील तर तुम्ही नशीबवान. वेगळे असतील, आणि राउटरवरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७च्या दरम्यान असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. म्हणजे कंपनीने कितीतरी गिऱ्हाइकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलाय. दोनशे फ्लॅटची सोसायटी, गेटवर एकच पाटी, नावांचा बोर्ड नाही. आलेलं पाकीट वॉचमन कोणाला देणार? तुमच्या राउटरात कितीही पोर्टं उघडा, गेट तुमच्या ताब्यातच नाही.

माझ्या नेटवाल्याच्या कॉल सेंटरला हे समजावायला मला चार फोन लागले. प्रत्येक वेळी एकच उत्तर, ‘सर, नेट तर चालू आहे ना?’

म्हणून माझं ठाम मत आहे की लॉबी निवडण्याआधी सगळ्यांकडून हे दोन आकडे तपासून घ्यावेत. कंपूत एकच जण सीजीनॅटमागे असेल तर त्याला होस्ट करू नका. जुन्या गेमांची लॉबी देणारं गेमरेंजर बहुधा चालून जातं. दोघे-तिघे असतील तर त्या भानगडीत पडण्यापेक्षा सरळ रॅडमिन व्हीपीएन टाका. सगळी मशीनं एकाच सायबर कॅफेत असल्यासारखी जोडली जातात आणि गेममध्ये ‘लॅन’ निवडायचं. हमाचीही तेच करतं, पण फुकटात एका नेटवर्कवर पाचच मशीनं, आम्ही सात. रॅडमिन मात्र फक्त विंडोजवर चालतं. स्टॅटिक आयपी (फक्त तुमचाच, न बदलणारा बाहेरचा पत्ता) महिन्याला पैसे देऊन मिळतो. आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याने तो घेऊ नये.

इथेही एक खोडा आहे. विंडोज या नव्या नेटवर्कला ‘पब्लिक’ समजतं आणि फायरवॉल गेमला अडवतं. लोक रॅडमिनलाच शिव्या घालून ते काढून टाकतात. फायरवॉल पूर्ण बंद करायची गरज नाही. परवानगीच्या यादीत गेमसमोर प्रायव्हेट आणि पब्लिक दोन्ही खुणा करा. मूळ ‘एज २’ असेल तर विंडोजच्या ‘लेगसी कंपोनंट्स’मधून डायरेक्टप्लेही (जुन्या गेमांना नेटवर्कवर खेळायला लागणारा भाग) चालू करा.

बाकी किरकोळ. खोलीला पासवर्ड ठेवा. स्पीकर नको, हेडफोन लावा, तोही वायरचा. बऱ्याच ब्लूटूथवाल्यांत माइक चालू झाला की आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. आणि ‘पुश टू टॉक’ (बटण दाबलं तरच माइक चालू) सगळ्यांना सक्तीचं करा. आमच्यातल्या एकाच्या घरी दहा वाजता कुकर लागतो, आणि तिसऱ्या शिट्टीला न्यू जर्सीवाला हमखास विचारतो, ‘भात का वरण?’