जुनं दोन इंजिनांचं एम्फिबियन ओळखायचं कसं, आणि घ्यायचंच असेल तर

पाण्यावर उतरणारं आणि धावपट्टीवरही चालणारं जुनं दोन इंजिनांचं विमान दिसलं तर बऱ्याचदा ते अमेरिकेच्या ग्रमन कंपनीचं असतं, पण कुठलं हे रंगावरून ठरवू नका, रंग काय कोणीही मारतं. आधी इंजिन बघा, मग चाकं.

इंजिनं गोल, जाडजूड, आणि विमान शेपूट टेकून बसलेलं असेल तर गूस. १९३७ मध्ये पहिल्यांदा उडालं, प्रॅट अँड व्हिटनीची ४५० हॉर्सपॉवरची दोन इंजिनं, आणि चाकं वर घ्यायला चक्क हाताने क्रँक फिरवायचा. तसंच पण छोटं दिसलं तर विजन, त्याची मूळची रेंजर इंजिनं एका ओळीत सहा सिलिंडरची म्हणून इंजिनाचा पुढचा भाग निमुळता, पण नंतर बऱ्याच जणांनी लायकॉमिंग कंपनीची इंजिनं बसवली त्यामुळे इथे फसायला होतं. गोल इंजिनं आहेत पण नाकाखाली चाक आहे, मग मॅलार्ड असू शकतं, ती फक्त ५९ बनली. पंख अंगाच्या वर खांबावर उचललेला आणि टोकाचे फ्लोट, म्हणजे पाण्यावर तोल सांभाळणारे तरंगे, वर दुमडले जातात ती कॅटालिना, पण तिच्या सगळ्या मॉडेल्सना चाकं नव्हती हं. इंजिनांचे पंखे, म्हणजे प्रोपेलर, मागे तोंड करून असतील तर इटलीचं पियाजो पी.१३६.

आता विकत घेण्याचं. इंजिन बिघडलं तर दुरुस्त होतं हो, खरा शत्रू खारं पाणी. टॉर्च घ्या, फरशीचे पॅनल काढायला लावा आणि हलच्या, म्हणजे विमानाच्या होडीसारख्या अंगाच्या, तळात, रिव्हेटच्या कडेला पांढरी पूड किंवा फुगलेला रंग दिसतो का ते बघा, विक्रेता पॅनल काढायला टाळाटाळ करत असेल तर मी तरी तिथूनच परत फिरेन. लॉगबुक पानन् पान वाचा, पंखातून इंधन गळतंय आणि परत परत सीलंट लावलंय अशा नोंदी दिसल्या तर स्पार, म्हणजे पंखातला मुख्य आधाराचा दांडा, उघडून तपासल्याशिवाय पैसे देऊ नका. २००५ मध्ये मायामीला एका मॅलार्डचा पंख हवेतच तुटला आणि २० जण गेले, फटीग क्रॅक, म्हणजे धातू थकून पडलेली भेग, होती आणि तिची खूण म्हणजे हीच गळती.

घेतल्यावर खाऱ्या पाण्यातून आलं की दर वेळी गोड्या पाण्याने धुवायचं, ड्रेन प्लग काढून बिल्ज, म्हणजे तळाशी पाणी साचतं तो भाग, रिकामं करायचं आणि प्लग परत लावलाय का हे स्वतः बोट लावून बघायचं. आणि उतरताना "पाण्यावर चाललोय, चाकं वर" असं मोठ्याने बोलून मान वळवून चाक बघायचं, कारण चाकं खाली ठेवून पाण्यावर टेकलात तर विमान नाकावर उलटतं.