विमा एजंटचा सल्ला आपल्या हिताचा की त्याच्या कमिशनचा, हे कसे तपासावे

एजंट प्रामाणिक आहे की नाही, हा प्रश्न आधी बाजूला ठेवावा. वागण्याबोलण्यावरून ते कळत नाही, आणि बहुतेक एजंट लबाडही नसतात. ज्या विक्रीतून स्वतःला अधिक मिळते तीच ग्राहकाच्याही भल्याची आहे, असे त्यांना हळूहळू मनापासून वाटू लागते. म्हणून त्याला पैसे कशावर, किती आणि केव्हा मिळतात एवढेच पाहावे.

दीर्घ मुदतीच्या जीवन विम्यात कमिशनचा मोठा वाटा सहसा पहिल्या वर्षाच्या हप्त्यावर मिळतो आणि पुढच्या वर्षांत तो बराच खाली येतो. शिवाय कमिशन हप्त्याच्या प्रमाणात ठरते, मिळणाऱ्या संरक्षणाच्या प्रमाणात नव्हे. त्यामुळे थोड्या हप्त्यात मोठे संरक्षण देणारा निव्वळ मुदत विमा, म्हणजे टर्म प्लॅन, विकण्यात एजंटला फारसे मिळत नाही. बचत जोडलेली, भरभक्कम हप्त्याची पॉलिसी विकण्यात मिळते. हा व्यक्तीचा नव्हे, रचनेचा दोष आहे, हे सरकारांनीही ओळखले आहे. नेदरलँड्सने २०१३ पासून जीवन विम्यासह गुंतागुंतीच्या वित्तीय उत्पादनांवरील कमिशनच बंद केले. ऑस्ट्रेलियात २०२० पासून जीवन विम्यावरील पहिल्या वर्षाच्या कमिशनवर हप्त्याच्या ६० टक्क्यांची आणि नंतरच्या वर्षांसाठी २० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि पॉलिसी पहिल्या दोन वर्षांत बंद पडली तर कमिशनचा काही किंवा सर्व भाग परत करावा लागतो. मर्यादा घातल्यानंतरचा आकडा ६० टक्के आहे, हे लक्षात घेतले की एजंटच्या आग्रहामागचे गणित वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

भेटीआधी आपली गरज स्वतः कागदावर मांडावी: उत्पन्न थांबले तर आपल्यावर अवलंबून असणाऱ्यांना किती वर्षे किती पैसे लागतील, डोक्यावर कर्ज किती आणि हाताशी शिल्लक किती. पहिल्या दोहोंच्या बेरजेतून शिल्लक वजा केली की संरक्षणाचा ढोबळ आकडा मिळतो. हा आकडा हाती नसेल तर चर्चा गरजेवरून न होता, ‘तुम्ही महिन्याला किती बाजूला काढू शकता’ यावरून होते, आणि मग त्या रकमेत बसेल तेवढा हप्ता सुचवला जातो.

भेटीत तीन गोष्टी विचाराव्यात आणि त्यांची उत्तरे ईमेलवर किंवा निदान संदेशातून लेखी मागावीत. या पॉलिसीवर पहिल्या वर्षी आणि नंतर दरवर्षी तुम्हाला किती मिळेल? तेवढ्याच संरक्षणाचा टर्म प्लॅन घेतला तर किती मिळेल? आणि पाच वर्षांनी मी पॉलिसी मोडली तर माझ्या हाती किती येईल? कमिशन उघड करणे सर्वत्र बंधनकारक नाही, त्यामुळे नेमका आकडा मिळेलच असे नाही. पण ‘कमिशन कंपनी देते, तुमच्या खिशातून काहीच जात नाही’ हे उत्तर मात्र मान्य करू नये, कारण ते अखेर आपल्याच हप्त्यातून जाते. समोरची व्यक्ती एजंट आहे की ब्रोकर, हेही विचारावे. एजंट कंपनीचा प्रतिनिधी असतो, ब्रोकर ग्राहकाचा; मात्र ब्रोकरलाही बहुधा कंपनीकडूनच पैसे मिळतात, तेव्हा निव्वळ त्या शब्दावर विसंबू नये.

बचत जोडलेली पॉलिसी समोर आली तर एकूण भरणा आणि एकूण परतावा यांची तुलना करू नये. समजा, वीस वर्षे दर वर्षाच्या सुरुवातीला १०० भरायचे आणि विसावे वर्ष संपताना ३००० मिळणार. २००० चे ३००० झाले, म्हणजे दीडपट, असे सांगितले जाते आणि ऐकायला ते बरेही वाटते. स्प्रेडशीटच्या एका स्तंभात वीस वेळा उणे १०० आणि त्याखाली एकविसाव्या जागी ३००० लिहून आयआरआरचे, म्हणजे गुंतवणुकीवरचा वार्षिक परताव्याचा दर काढण्याचे, सूत्र लावले, तर वार्षिक दर सुमारे ३.७ टक्के निघतो. हप्त्याचा काही भाग संरक्षणावर खर्च होतो हे खरे, म्हणून न्याय्य तुलनेसाठी तेवढ्याच संरक्षणाच्या टर्म प्लॅनचा हप्ता वजा करावा. तो १० असेल तर उरलेल्या ९० वरचा दर साडेचार टक्क्यांच्या किंचित वर जातो. हा दर बँकेतल्या साध्या मुदत ठेवीशी ताडून पाहावा. आकडे घेताना फक्त हमी असलेली रक्कम धरावी; लाभाच्या तक्त्यातील अंदाजित बोनस हे आश्वासन नसते.

सर्वांत जास्त सावध राहावे ते जुनी पॉलिसी मोडून नवी घेण्याचा सल्ला मिळाल्यावर. एजंटसाठी पहिल्या वर्षाचे कमिशन पुन्हा सुरू होते. ग्राहकासाठी मात्र वय वाढलेले असते, जुन्या पॉलिसीचे सरेंडर मूल्य, म्हणजे ती मुदतीआधी मोडल्यास हाती येणारी रक्कम, बहुधा तोट्याचे असते, आणि चुकीच्या माहितीच्या कारणावरून कंपनी पॉलिसीवर आक्षेप घेऊ शकते तो काळही नव्याने मोजला जातो. अमेरिकेत हा काळ बहुतेक ठिकाणी २ वर्षांचा आणि भारतात ३ वर्षांचा आहे. बदल कधीच योग्य नसतो असे नाही; जुना टर्म प्लॅन महाग असेल आणि प्रकृती उत्तम असेल, तर तो फायद्याचा ठरू शकतो. मात्र नव्या पॉलिसीचा कागद हातात पडेपर्यंत जुनीचा हप्ता थांबवू नये, आणि जुनी ठेवल्यास काय व मोडल्यास काय, याचा लेखी तक्ता एजंटकडून घेतल्याशिवाय सही करू नये.

प्रस्ताव अर्ज स्वतः भरावा. ‘गेल्या पाच वर्षांत रुग्णालयात दाखल झाला होता का’ यासारख्या प्रश्नांपुढे एजंट घाईने ओळीने ‘नाही’ लिहीत जातो, कारण एखाद्या ‘हो’मुळे वैद्यकीय तपासणी लागते, प्रकरण लांबते किंवा नाकारलेही जाते, आणि पॉलिसी निघाल्याखेरीज कमिशन मिळत नाही. खाली सही आपली असते. त्या ‘नाही’चे परिणाम दाव्याच्या वेळी कुटुंबाला भोगावे लागतात, तोवर तो एजंट कदाचित व्यवसायातही राहिलेला नसतो. कोऱ्या अर्जावर सही करू नये, आणि भरलेल्या अर्जाची प्रत मागून घ्यावी.

पॉलिसी आल्यावर ती त्याच आठवड्यात वाचावी, कारण न पटल्यास परत करण्याची मुदत मोजकीच असते: युरोपीय संघात जीवन विम्यासाठी देशागणिक १४ ते ३० दिवस, तर भारतात २०२४ पासून ३० दिवस. हप्ता भरण्याची वर्षे, सरेंडरचा तक्ता आणि अर्जाची जोडलेली प्रत एवढे तरी एजंटच्या लेखी उत्तरांशी ताडून पाहावे. तफावत आढळली तर एजंटला दूरध्वनी करून समजूत घालून घेण्याऐवजी थेट कंपनीला मुदतीच्या आत लेखी कळवावे, पोच घ्यावी, आणि कंपनीने दाद दिली नाही तर तीच कागदपत्रे घेऊन विमा लोकपालाकडे किंवा त्या देशातील तत्सम यंत्रणेकडे जावे.