फोड दिसला तर: आधी अंगावरचा, मग पानावरचा

फोड दिसला की तो फोडून बघायला हात शिवशिवतात. अंगावरच्या फोडाला हात लावू नका. पानावरचा मात्र खुशाल चिरडून बघा, कारण रोगाची ओळख तिथेच पटते.

१. अंगावर फोड आला तर आधी कारण शोधा. बूट चावला असेल किंवा चटका बसला असेल, तर फार शोधावं लागत नाही. भाजलेला भाग वाहत्या गार पाण्याखाली २० मिनिटं धरा. बर्फ नको, टूथपेस्ट तर नकोच. फोडावरची कातडी जंतूंना आत येऊ देत नाही. तो आपोआप फुटला तर साबण-पाण्याने धुवा, सुटलेली कातडी ओढू नका, वर स्वच्छ पट्टी बांधा.

२. कारण सापडलं नाही तर फोडांची मांडणी बघा. अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यात उठलेले पुंजके, आणि त्याआधी काही दिवस तिथेच आग किंवा ठणका, ही बहुधा नागीण असते. लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू नसांमध्ये दबा धरून राहतो आणि पुढे कधीतरी असा वर येतो. पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूरोधक औषध सुरू झालं तर त्याचा गुण जास्त येतो, म्हणून ‘बघू उद्या’ म्हणू नका. डोळ्याजवळ किंवा नाकाच्या शेंड्यावर फोड असतील तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

कांजिण्यांत नवे फोड, पिकलेले फोड आणि खपल्या एकाच वेळी अंगभर दिसतात. सगळ्यांवर खपली धरेपर्यंत लागण होऊ शकते.

३. नवं औषध सुरू केल्यावर तोंडात, डोळ्यांत फोड आले किंवा कातडी सोलून निघू लागली, तर थेट रुग्णालयात जा. औषधाची पाकिटं सोबत न्या.

४. आता पान. ते उलटं करा. मोहरी किंवा मुळ्याच्या पानाखाली पांढरे, चकचकीत फोड आणि वरच्या बाजूला बरोबर त्याच जागी पिवळे डाग असतील, तर बोटाने चिरडा. पांढरी भुकटी निघाली तर तो पांढरा तांबेरा. अशी पानं काढून नष्ट करा आणि झाडांवर वरून पाणी मारणं थांबवा. भुकटीऐवजी बुचासारखा खरखरीत उंचवटा हाताला लागला, तर बहुधा तो रोगच नाही: मुळांनी पाणी जास्त ओढलं, पानातून तेवढं बाहेर पडलं नाही आणि पेशी फुगल्या. इथे फवारणी म्हणजे पैसे पाण्यात. पाणी कमी करा, हवा खेळू द्या.

पीचची पानं जाड, लालसर होऊन फुगली आणि मुरडली असतील तर त्या हंगामापुरता उशीर झालाय. ताम्रयुक्त बुरशीनाशक पानगळीनंतर, कळ्या फुगण्याआधी मारायचं असतं.

५. पांढऱ्या तांबेऱ्याची भुकटी हाताला लागली तरी अंगावर फोड येत नाहीत. तो मोहरीच्या कुळातल्या आणि काही जवळच्या झाडांवरच जगतो. झाडांचा चीक मात्र अंगावर उतू शकतो. बिब्ब्याचं किंवा काजूच्या टरफलातलं तेल लागलं, तर लगेच साबण लावून भरपूर पाण्याने धुवा. लिंबाचा रस हातावर असताना उन्हात गेलात तरी फोड येऊ शकतात, तेव्हा बाहेर पडण्याआधी हात धुवा.