डार्करूम प्रिंटला वॉर्म टोन कसा आणायचा, आणि ब्लीचमध्ये कुठे थांबायचं

एन्लार्जर चालवता येतो, टेस्ट स्ट्रिप काढता येते, डॉजिंग-बर्निंग जमतं असं धरूनच लिहितोय. आणि सगळ्यात आधी, चहाच्या पाण्यात प्रिंट बुडवायचा सल्ला विसरून जा. चहा चांदीला हातसुद्धा लावत नाही, तो फक्त जिलेटिन आणि कागद रंगवतो, म्हणजे जो भाग स्वच्छ पांढरा राहायला हवा तोच मळतो आणि काळा होता तसाच थंड राहतो. वॉर्म टोन म्हणजे इमेजमधल्या चांदीचाच रंग बदलणं, आणि घरच्या डार्करूममध्ये त्याचे भरवशाचे मार्ग तीन: कागद, डेव्हलपर आणि टोनर (तयार प्रिंटमधल्या चांदीचा रंग बदलणारं रसायन).

कागदावर पैसे वाचवू नका. वॉर्मटोन कागदाचं इमल्शन क्लोरोब्रोमाइडचं असतं, त्यात चांदीचे कण बारीक बनतात, आणि कण जितके बारीक तितका रंग तपकिरीकडे जातो. इलफर्डचा मल्टिग्रेड एफबी वॉर्मटोन किंवा फोमाचा फोमाटोन, दोन्ही चांगले, फोमाटोन जास्त उबदार पण बराच स्लो आहे, एक्स्पोजर वाढवायची तयारी ठेवा. साध्या न्यूट्रल कागदावर नुसता डेव्हलपर बदलून फारसं काही हाती लागत नाही. जुनी मंडळी अजून आग्फाच्या पोर्ट्रिगाची आठवण काढतात, पण तो कधीच बंद झालाय.

डेव्हलपर इलफर्डचा वॉर्मटोन, १+९ (म्हणजे एक भाग डेव्हलपर, नऊ भाग पाणी). तो नसेल तर नेहमीच्या डेव्हलपरमध्ये १० टक्के पोटॅशियम ब्रोमाइडचं द्रावण थोडं थोडं घालत जा, रंग जरा उबदार होतो आणि एक्स्पोजर जास्त लागतं. पण उबदारपणासाठी प्रिंट अर्धवट डेव्हलप करून बाहेर काढू नका, काळा मरतो आणि मेलेला काळा कुठलाही टोनर परत आणत नाही. पुण्यात एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तापूनच येतं, तेव्हा डेव्हलपरचा ट्रे मोठ्या ट्रेमध्ये ठेवून बाहेरच्या पाण्यात बर्फाच्या बाटल्या सोडायच्या, २० डिग्रीच्या आसपास राहिलं की झालं. फिक्सर हार्डनर (इमल्शन कडक करणारं रसायन) नसलेला वापरा.

आता ब्लीच. सेपिया टोनिंगमध्ये, म्हणजे प्रिंट तपकिरी करायच्या पद्धतीत, आधी ब्लीच आणि मग टोनर, आणि मला सगळ्यात जास्त छळलेली पायरी हीच, कारण किटच्या कागदावर एका ओळीत लिहिलेलं असतं की इमेज जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत ब्लीच करा. पूर्ण सेपिया हवा असेल तर ते बरोबर आहे. पण मग सगळा प्रिंट सपाट पिवळट-तपकिरी होतो आणि खोल काळा उरतच नाही, आणि बहुतेकांना वॉर्म टोन म्हणताना हे नको असतं, सावल्या भक्कम आणि उजेडाच्या भागात ऊब असं हवं असतं. ते फक्त अर्धवट ब्लीचनेच मिळतं.

त्यासाठी पहिली अट धुण्याची. ब्लीच म्हणजे पोटॅशियम फेरिसायनाइड आणि पोटॅशियम ब्रोमाइड. ते चांदीचं सिल्व्हर ब्रोमाइड करतं, जे टोनरमध्ये परत येतं. पण कागदात हायपो, म्हणजे फिक्सर, उरला असेल तर फेरिसायनाइड आणि हायपो मिळून फार्मर्स रिड्युसर तयार होतो, आणि तो चांदी विरघळवून कायमची घेऊन जातो. टोनरनंतर ढगातले किंवा चेहऱ्यावरचे नाजूक हायलाइट परत आले नाहीत तर लोक टोनरला दोष देतात, पण बहुतेक वेळा वॉश कमी पडलेला असतो. फायबर कागद (प्लॅस्टिकचा थर नसलेला) असेल तर वॉश एड (फिक्सर लवकर धुऊन काढणारं द्रावण) वापरा, नाहीतर वाहत्या पाण्यात तासभर. इथे घाई करणाऱ्याला कुठलीही युक्ती वाचवत नाही.

दुसरी गोष्ट, ब्लीच पातळ करा, वाटतं त्यापेक्षा खूप पातळ. माझा स्टॉक एक लिटरमध्ये १०० ग्रॅम फेरिसायनाइड आणि १०० ग्रॅम ब्रोमाइड असा असतो. पूर्ण सेपियाला तो १+९ ठीक आहे, पण अर्धवट ब्लीचला मी १+३० किंवा त्याहून पातळ घेतो, कारण नाहीतर हायलाइट इतक्या झटकन जातात की तुम्ही चिमटा उचलेपर्यंत मिडटोनही गेलेले असतात. प्रिंट एकदम आणि सरळ आत सोडा, ट्रे सतत हलवत राहा, आणि शेजारी साध्या पाण्याचा ट्रे भरून ठेवा.

कधी काढायचं? सगळ्यात उजळ भाग फिकट पिवळसर झाले, हलके करडे भाग नुकते वळायला लागले आणि सावल्या अजून पक्क्या काळ्या आहेत, तेव्हा. खरं तर त्याच्याही किंचित आधी, कारण कागदात शिरलेलं ब्लीच पाण्यात गेल्यावरही थोडा वेळ काम करत राहतं. मग पाण्याचा पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत धुवायचं. आणि हे सगळं ट्यूबलाइट चालू ठेवून करा, सेफलाइटची गरज नाही, अंधारात ब्लीच बघणं म्हणजे नुसता अंदाज.

मूळ प्रिंट थोडा गडद आणि अर्धा ग्रेड कडक (कॉन्ट्रास्ट जरा जास्त) काढून ठेवा, सेपियात घनता उतरतेच. एकाच निगेटिव्हचे दोन-तीन जादा प्रिंटही काढा, कितीही सराव असला तरी.

निळे ठिपके आले तर ते लोखंड. फेरिसायनाइडला गंज भेटला की प्रशियन ब्लू होतो, आणि तो सहजासहजी निघत नाही. टवके उडालेले इनॅमलचे ट्रे म्हणूनच वापरायचे नाहीत. जुन्या सोसायट्यांचे लोखंडी पाइप, उपनगरांत टँकर नाहीतर बोअरचं पाणी, आणि गुरुवारी पाणी बंद ठेवलं की शुक्रवारी नळाला येणारं गढूळ पाणी, त्या दिवशी टोनिंग करू नका एवढंच सांगेन. नळाला गाळणी लावा आणि ब्लीच डिस्टिल्ड पाण्यातच बनवा.

टोनरमध्ये सोडियम सल्फाइड जुना आणि सुंदर रंग देणारा, पण सडक्या अंड्याचा वास येतो आणि ॲसिड लागलं तर विषारी वायू सुटतो, फ्लॅटमध्ये नकोच. मी थायोयुरिया वापरतो: थायोयुरियाचं १० टक्के द्रावण, कॉस्टिक सोड्याचं १० टक्के द्रावण, आणि दोन्ही मिळून साधारण ६० मिली, वर पाणी घालून ५०० मिली. ५० थायोयुरिया आणि १० कॉस्टिक घेतलं तर रंग पिवळसर, १० आणि ५० घेतलं तर गडद, थंडसर तपकिरी, ३०-३० मधला. वॉर्मटोन कागदाला मी कॉस्टिक जास्तच ठेवतो, कारण तो कागद मुळातच उबदार असतो आणि पिवळसर मिश्रणात त्याचा रंग हळदीकडे जातो. कॉस्टिक नेहमी थंड पाण्यात घालायचं, त्यावर पाणी ओतायचं नाही. हातमोजे घाला, थायोयुरिया अंगाला लागू देऊ नका.

टोनरमध्ये रंग मिनिटाभरात येतो, पूर्ण होऊ द्या, मग चांगलं धुवा.

सावल्या अजून खोल हव्या असतील तर शेवटी सेलेनियम टोनर, १+९ च्या आसपास, खिडकी उघडी ठेवून. ते सावल्यांपासून सुरू होतं, म्हणजे सेपियाच्या बरोबर उलट्या टोकाकडून, म्हणून दोन्ही एकत्र छान बसतात. वॉर्मटोन कागदावर जास्त वेळ ठेवलं तर लालसर होतं, शेजारी टोन न केलेला ओला प्रिंट ठेवून बघत राहा. मग वॉश एड, वॉश, वाळवणं.

रंग पक्का ठरवायचा तो प्रिंट वाळल्यावर, दिवसाच्या उजेडात. आणि थायोयुरियाचा ट्रे, चिमटा, मोजपात्र कायमचं वेगळं ठेवा, त्याचा अंश जरी कोऱ्या कागदाला लागला तर कागद फॉग होतो, म्हणजे उजेड न लागताही काळवंडतो.