मोठा देश व्यापारगट सोडतो तेव्हा छोट्या बेटाचा हिशेब कसा मांडायचा

ब्रेक्झिटवरच्या लेखांत बेटांचा विषय आला की बहुतेक जण एका वाक्यात तो उरकतात: ब्रिटन बाहेर पडलं, मग ही बेटंही बाहेर पडली. माझी सगळी नोकरी निर्यातीचे कागद तपासण्यात गेली. एवढ्या माहितीवर मी एक खोकंही पुढे जाऊ दिलं नसतं. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळची जर्सी आणि गर्न्झी, ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यामधलं आईल ऑफ मॅन, दक्षिण अटलांटिकमधलं फॉकलंड, कॅरिबियनमधलं अँग्विला यांतल्या प्रत्येकाचं युरोपीय महासंघाशी नातं निराळं होतं, त्यामुळे प्रत्येकाचं तुटलं तेही निराळं. ते शोधायची माझी रीत इथे देते. अर्थशास्त्राची पदवी लागत नाही, कागद वाचायची चिकाटी मात्र लागते.

करार मागून वाचायला घ्या

ब्रिटन आणि महासंघ यांच्यातला व्यापार करार २४ डिसेंबर २०२० रोजी ठरला. तो साडेबाराशे पानांच्या आसपास आहे आणि पहिल्या पानापासून वाचणारा माणूस बेटांपर्यंत पोचता पोचता दमतो. म्हणून आधी शेवट गाठा. हा करार कोणत्या भूभागाला लागू आहे, हे सांगणारं कलम अशा करारांत बहुधा समारोपाच्या तरतुदींत असतं. इथे ते ७७४ क्रमांकाचं आहे. त्यात जर्सी, गर्न्झी आणि आईल ऑफ मॅन आहेत, पण फक्त माल आणि मासेमारी यांच्यापुरते. पुढच्याच ओळींत वगळलेल्यांची नावं येतात: जिब्राल्टर, आणि त्यापाठोपाठ अँग्विला, बर्म्युडा, फॉकलंड, माँटसेरात, पिटकेर्न, सेंट हेलेना अशी ब्रिटनच्या समुद्रापारच्या प्रदेशांची रांग. वर्तमानपत्रांनी ज्याला 'शून्य शुल्काचा करार' म्हटलं, तो या रांगेतल्या कुणालाच लागू नाही.

मग कालचा कागद काढा

आज काय गेलं हे कळायला काल काय होतं ते माहीत हवं. घाईत लिहिणारे नेमके इथेच चुकतात. ते ब्रिटनने जे गमावलं तेच बेटानेही गमावलं असं धरून चालतात.

जर्सी, गर्न्झी आणि मॅन ही बेटं ब्रिटनचा भाग नाहीत, राजसत्तेच्या अधीन असलेले स्वतंत्र कायदेमंडळांचे प्रदेश आहेत. १९७३ साली ब्रिटन युरोपीय समुदायात गेलं तेव्हा त्यांच्यासाठी प्रवेशाच्या दस्तऐवजाला एक पुरवणी जोडली होती, तिसरा प्रोटोकॉल. त्यानुसार माल मोकळेपणाने ये-जा करणार होता. सेवा, भांडवल आणि माणसांची मोकळी ये-जा त्यात नव्हती. म्हणजे जर्सीच्या बँका आणि ट्रस्ट कंपन्या महासंघाच्या दृष्टीने आधीपासूनच बाहेरच्या होत्या, त्यामुळे ज्या धक्क्याने लंडनच्या वित्तसंस्था हादरल्या तो त्यांना तसा बसलाच नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचंही तेच. आपले कायदे पुरेसे आहेत अशी ब्रसेल्सची, म्हणजे महासंघाच्या मुख्यालयाची, मान्यता गर्न्झीने २००३ मध्ये, मॅनने २००४ मध्ये आणि जर्सीने २००८ मध्येच मिळवली होती. ब्रिटनच्या हाती ती २०२१ च्या जूनपर्यंत नव्हती. आधीपासून बाहेर असण्याचा असाही फायदा होतो.

या तिघांनाही एका ओळीत बसवू नका. मॅनचा मूल्यवर्धित कर ब्रिटनशी जोडलेला आहे, म्हणून तो महासंघाच्या करक्षेत्रात धरला जायचा. जर्सी आणि गर्न्झी त्या क्षेत्राबाहेरच होत्या. जर्सीचा स्वतःचा वस्तू व सेवा कर आहे, पाच टक्के. करक्षेत्रातून बाहेर पडल्याचा परिणाम शोधायचाच असेल, तर तो मॅनमध्ये शोधावा, जर्सीत नाही.

माल कुठे जातो ते पाहा, आणि तो कुणाचा ठरतो तेही

जर्सी रॉयल हा तिथला प्रसिद्ध बटाटा मुख्यतः ब्रिटनमध्येच खपतो. त्याच्या शेतकऱ्याला ब्रसेल्सपेक्षा ब्रिटनशी २०१८ मध्ये झालेली सीमाशुल्काची व्यवस्था जास्त मोलाची.

फॉकलंडचं चित्र उलटं आहे. साडेतीन हजारांच्या आसपास वस्ती, आणि उत्पन्नाचा सर्वांत मोठा आधार मासेमारी, त्यातही स्क्विड, म्हणजे माकूल. हा स्क्विड मोठ्या प्रमाणावर स्पेनच्या व्हिगो बंदरात उतरतो. महासंघाचा सहयोगी प्रदेश म्हणून फॉकलंडचा माल तिथे बिनशुल्क, बिनकोटा जात होता. १ जानेवारी २०२१ पासून मासळीवर प्रकारानुसार ६ ते १८ टक्के शुल्क लागू झालं. महासंघ सोडायचा का, यावरच्या २०१६ च्या सार्वमतात इथल्या लोकांना मत नव्हतं. जर्सी, गर्न्झी आणि मॅनच्या लोकांनाही नव्हतं. समुद्रापारच्या प्रदेशांपैकी मत मिळालं ते एकट्या जिब्राल्टरला. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, ते असं.

पण 'फॉकलंडच्या स्क्विडवर शुल्क बसलं' असं लिहून थांबू नका. मासळीचं मूळ कोणतं, हा कागदोपत्री भलताच मजेशीर प्रश्न आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या प्रादेशिक समुद्राबाहेर पकडलेला मासा साधारणतः ज्या बोटीने पकडला तिच्या झेंड्याचा धरला जातो. एकाच पाण्यातला स्क्विड स्पॅनिश झेंड्याच्या बोटीत चढला की युरोपीय, आणि फॉकलंडच्या झेंड्याच्या बोटीत चढला की परका. त्यातही अनेक परवाने फॉकलंड आणि गॅलिशिया (व्हिगो ज्यात आहे तो स्पेनचा प्रांत) इथल्या कंपन्यांच्या भागीदारीत आहेत, म्हणजे बेटावर लावलेल्या शुल्काचा चटका स्पेनमध्येही बसतो. तेव्हा आकडेवारीत देशाचं नाव वाचून समाधान मानू नका, बोटीची नोंदणी कुठली आहे ते विचारा.

शून्य शुल्काला भुलू नका

जर्सीच्या मासळीवर शुल्क नाही. मग कोळ्यांची तक्रार कशाबद्दल? फ्रान्सचा किनारा जर्सीवरून नुसत्या डोळ्यांनी दिसतो. पूर्वी शेवंड किंवा शंख पकडून बोट सरळ नॉर्मंडीच्या धक्क्याला लावायची, एवढाच व्यवहार होता. महासंघाबाहेरून आलेल्या मासळीला आता पकड-प्रमाणपत्र लागतं, आरोग्य-दाखला लागतो, आणि माल तपासणीची सोय असलेल्या ठरावीक ठिकाणीच आत येऊ शकतो. हा खर्च प्रत्येक खेपेला पडतो, मग खेप मोठी असो की चार टोपल्यांची. कंटेनरभर माल पाठवणाऱ्याला तो जाणवतही नाही. एकट्यादुकट्या बोटीवाल्याचा मात्र त्यात नफाच जातो. माझ्या अनुभवात छोट्या निर्यातदाराला शुल्काने क्वचितच बुडवलं, कागदांनी अनेकदा बुडवलं. म्हणून बेटाचा हिशेब मांडताना शुल्काच्या रकान्याशेजारी 'दर खेपेचा खर्च' असा दुसरा रकाना ठेवाच.

पाणी कुणाचं, आणि पुरावा कुणाकडे

या पायरीवर वेळ घालवा. बेट छोटं असलं तरी त्याभोवतीचं पाणी छोटं नसतं, आणि भांडणं बहुधा तिथेच होतात.

जर्सी आणि फ्रान्स यांच्यातली मासेमारी २००० सालच्या ग्रानव्हिलच्या उपसागराच्या कराराने चालायची. ब्रिटन-महासंघाच्या नव्या कराराने त्याची जागा घेतली. त्याच्या ५०२ व्या कलमाचा मथितार्थ असा: १ फेब्रुवारी २०१७ ते ३१ जानेवारी २०२० या तीन वर्षांपैकी एखाद्या वर्षात जी बोट या पाण्यात दहापेक्षा जास्त दिवस मासेमारीला आली असेल, तिचा हक्क राहील. वाचायला अगदी सरळ. पण बारा मीटरहून लहान असलेल्या बऱ्याच फ्रेंच बोटींवर माग ठेवणारं यंत्रच नव्हतं. दहा दिवस कुठे मासेमारी केली हे सिद्ध करायचं कशाने? पिढ्यानपिढ्या त्याच पाण्यात जाणाऱ्या माणसाकडे तो तिथे होता याचा कागद नव्हता. एप्रिल २०२१ च्या अखेरीस जर्सीने परवाने दिले ते अटी घालून, आणि फ्रेंच कोळी भडकले. फ्रान्सच्या सागरी खात्याच्या मंत्री आनिक जिरार्दँ यांनी समुद्राखालच्या वीजवाहिन्यांची आठवण करून दिली. जर्सीची सुमारे ९५ टक्के वीज फ्रान्समधून येते. ६ मे रोजी साठेक फ्रेंच बोटी जर्सीच्या सेंट हेलियर बंदरासमोर जमल्या आणि ब्रिटनने सेव्हर्न व टेमार या नौदलाच्या दोन बोटी पाठवल्या.

सगळ्या जगाने बोटींचे फोटो पाहिले. तुम्ही दोन गोष्टी टिपून ठेवा. जुन्या हक्काची नवी व्याख्या करताना कोणता पुरावा मागितला आहे आणि तो कुणाकडे असण्याची शक्यता आहे, ही पहिली. वीज, इंधन, अन्न यांपैकी बेटाचं काय शेजाऱ्याच्या हातात आहे, ही दुसरी. करारात दुसरीबद्दल बहुधा एक ओळही नसते.

माणसांचं थोडक्यात

तिसऱ्या प्रोटोकॉलमुळे, ज्यांचे आईवडील किंवा आजीआजोबा ब्रिटनमधले नव्हते आणि जे स्वतः तिथे पाच वर्षं राहिले नव्हते, अशा बेटवासीयांना महासंघात मोकळेपणाने राहण्या-कमावण्याचा हक्क कधीच नव्हता. त्यांच्या पासपोर्टवर तशी नोंदही असायची. त्यांनी हा हक्क गमावला असं लिहिणं चूक. नुकसान झालं ते दुसरीकडे: ओळखपत्रावर एका दिवसासाठी येणारे फ्रेंच पर्यटक पासपोर्टच्या अटीमुळे आटले, आणि २०२३ मध्ये जर्सीला त्यांच्यासाठी खास सवलत काढावी लागली.

बेटाच्या हातात काय होतं?

तुलनेसाठी ग्रीनलंड घ्या, कारण ते स्वतःच्या इच्छेने बाहेर पडलं. १९७३ मध्ये डेन्मार्कबरोबर ते नाखुशीने आत गेलं, १९७९ मध्ये त्याला स्वराज्य मिळालं, फेब्रुवारी १९८२ च्या सार्वमतात थोड्या फरकाने बाहेर पडण्याचा कौल आला, आणि प्रत्यक्ष बाहेर पडायला १ फेब्रुवारी १९८५ उजाडला. बोलणी एका मुद्द्याभोवती फिरली, मासे. युरोपच्या बोटींना ग्रीनलंडच्या पाण्यात प्रवेश मिळाला, आणि बदल्यात ग्रीनलंडला पैसा आणि आपल्या मासळीला बिनशुल्क बाजार मिळाला. देण्यासारखं काहीतरी होतं आणि बोलायला जवळजवळ तीन वर्षं होती. जर्सीच्या कायदेमंडळाला ब्रिटनच्या करारावर निर्णय घ्यायला नाताळ आणि नववर्ष यांच्यामधले मोजके दिवस मिळाले.

शेवटची युक्ती कागद शोधण्याची. बेटाचं नाव टाकून काही सापडलं नाही, तर मातृदेशाच्या नावाखाली शोधा. डेन्मार्कच्या राज्यातली फॅरो बेटं महासंघात कधीच गेली नाहीत, डेन्मार्क मात्र आहे. २०१३ मध्ये हेरिंग या माशाच्या वाटपावरून महासंघाने फॅरोच्या मासळीवर निर्बंध घातले. जागतिक व्यापार संघटनेत फॅरोचं स्वतंत्र सदस्यत्व नाही, म्हणून त्या बेटांच्या वतीने तक्रार नोंदवली डेन्मार्कने, स्वतः सदस्य असलेल्या महासंघाविरुद्ध. प्रकरणाचा क्रमांक ४६९. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये निर्बंध उठले आणि तक्रारही मिटली, पण ती आजही डेन्मार्कच्या नावाखालीच सापडते.