"मॅडम, फक्त एक सही हवी होती": शैक्षणिक सल्लागाराकडे जाताना या चुका टाळा

विषय नोंदवायची मुदत संपायला चार तास उरले की माझ्या खोलीबाहेर रांग लागते. प्रत्येकाच्या हातात फॉर्म, फॉर्मात विषय आधीच भरलेले, आणि तोंडात एकच वाक्य: "मॅडम, फक्त एक सही हवी होती."

मी भौतिकशास्त्र शिकवते. त्याच्या जोडीला गेली सतरा वर्षं विज्ञान शाखेच्या मुलामुलींची शैक्षणिक सल्लागार आहे. इतक्या वर्षांत नव्या चुका फारशा पाहिल्या नाहीत. त्याच त्या, फक्त चेहरे बदलतात. दरवर्षी तेच बोलून घसा बसतो, म्हणून यंदा लिहून काढते आहे.

आधी हे पद आहे कशाला, ते सांगते. विद्यापीठात सगळ्यांना ठरलेले तेच विषय होते, तोवर सल्लागार लागतच नव्हता. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाला चार्ल्स एलियट अध्यक्ष होते (१८६९ ते १९०९), तेव्हा त्यांनी विद्यार्थ्यांना विषय निवडायची मोकळीक दिली. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ १८७६ मध्ये सुरू झालं आणि पहिल्या काही वर्षांतच तिथं विद्यार्थ्यांना सल्लागार प्राध्यापक नेमून दिले गेले. निवड आली आणि पाठोपाठ सल्लागार आला. तुम्ही निवड करून मोकळे होऊन माझ्याकडे येता, तेव्हा माझ्यासाठी शिक्का मारण्यापलीकडे काही उरत नाही. आणि शिक्का मारला की काय होतं, ते खाली वाचा.

"ते मी जमवून घेईन"

ही माझी सगळ्यात नावडती चूक. नावडती अशासाठी की तीत एकदा मीही सामील होते.

एक मुलगा होता, हुशार, भौतिकशास्त्राचा. दुसऱ्या वर्षी लिनिअर अल्जिब्रा (व्हेक्टर आणि मॅट्रिक्सचं गणित) आणि त्याला हवा असलेला प्रोग्रॅमिंगचा विषय एकाच वेळेला येत होते. क्वांटम मेकॅनिक्सला बसण्याआधी लिनिअर अल्जिब्रा पूर्ण असावं, अशी अट होती. हा मुलगा ती अट शिथिल करण्याचा अर्ज घेऊन आला. "मॅडम, मॅट्रिक्स शाळेतच झालंय. उरलेलं सुट्टीत जमवून घेईन." बाहेर रांग होती. मी सही केली.

तिसऱ्या वर्षी क्वांटमचे पहिले दोन आठवडे छान गेले. वेव्ह फंक्शन, डिफरन्शिअल इक्वेशन, सगळं ओळखीचं. तिसऱ्या आठवड्यात स्पिन आलं, म्हणजे कणाचा अंगभूत, फिरकीसारखा गुण. फळ्यावर दोन बाय दोनचं छोटंसं मॅट्रिक्स: कर्णावर शून्य, बाकी दोन जागी एक, बाहेर एच-बार (क्वांटममधला एक स्थिरांक) भागिले दोन. याच्या आयगेनव्हॅल्यू काढा. त्यानं काढल्या, डिटर्मिनंट येतच होता. मग सरांनी सांगितलं, झेड दिशेला वर असलेली अवस्था आता एक्स दिशेच्या बेसिसमध्ये लिहा. उत्तर एका ओळीचं आहे. त्याचा कागद कोरा राहिला. व्हेक्टर स्पेस काय, बेसिस बदलणं म्हणजे काय, हर्मिशियन ऑपरेटरचे आयगेनव्हेक्टर एकमेकांना लंब का असतात, यातलं काहीच त्याच्या कानावरून गेलं नव्हतं. मॅट्रिक्सचा गुणाकार येत होता, तेवढाच. सुट्टीत त्यानं काय जमवलं ते मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

सहामाहीत नापास झाला आणि विषय सोडला. खरी गंमत त्यानंतर. क्वांटम वर्षातून एकदाच, विषम सेमिस्टरला असायचं. सॉलिड स्टेटला (घन पदार्थांच्या भौतिकशास्त्राला) क्वांटम लागायचं आणि ते सम सेमिस्टरला. शेवटच्या वर्षीचा प्रकल्प ज्या लॅबमध्ये करायचा होता, तिथं सॉलिड स्टेट झालेलीच मुलं घेत. एक ठोकळा सरकला आणि मागचे सगळे सरकले. पदवी एक वर्षानं लांबली. सही मीच केली होती, त्यामुळे त्याला बोलायला माझ्याकडे तोंड नव्हतं.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. पाठकोरा कागद घ्यायचा आणि शेवटच्या सेमिस्टरपासून उलटं लिहीत यायचं. शेवटी काय करायचंय? त्याला काय लागतं? त्याला आधी काय लागतं? प्रत्येक विषयाभोवती चौकट, चौकटीतून मागच्या विषयाकडे बाण, आणि चौकटीच्या कोपऱ्यात "विषम", "सम" किंवा "वर्षाआड". हा कोपरा फार महत्त्वाचा. पुस्तिकेत विषय छापलेला असतो म्हणून तो दरवर्षी शिकवला जातो, असं मुलांना वाटतं. शिकवणारी व्यक्ती एकच असेल आणि ती रजेवर गेली, तर विषयही तिच्याबरोबर रजेवर जातो. यासाठी ॲप आहेत म्हणे. असतील. मला कागद बरा वाटतो. हातानं बाण काढताना कुठं अडणार ते दिसतं.

रसायनशास्त्रवाले यात मागे नाहीत. "आम्हाला गणित कशाला?" म्हणत कॅल्क्युलस पुढं ढकलतात आणि थर्मोडायनॅमिक्समध्ये मॅक्सवेल रिलेशन्सपाशी येऊन अडकतात. तिथं प्रत्येक ओळीत पार्शल डेरिव्हेटिव्ह बसलेली असतात. जीवशास्त्रवाल्यांचं त्याहून वरचढ. ते संख्याशास्त्र शेवटच्या सेमिस्टरला ठेवतात, म्हणजे प्रकल्पाची मोजमापं घेऊन झाल्यावर. मग कळतं की नमुने इतके थोडे घेतले की त्यातून काहीच सिद्ध होणार नाही. प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाला विचारायला जाणं म्हणजे बरेचदा त्याला शवविच्छेदन करायला सांगणं, हे संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९३८ मध्येच सांगून गेले. मुदतीच्या दिवशी माझ्या दाराशी लागणारी रांग पाहिली की मला दरवेळी तेच आठवतं.

"बरं चाललंय मॅडम"

दुसरी लाडकी चूक: सल्ला मागायचा आणि खरी परिस्थिती सांगायची नाही.

दुसऱ्या वर्षाची एक मुलगी. सेमिस्टरच्या मध्यावर उन्हाळी इंटर्नशिपबद्दल विचारायला आली. अर्धा तास बसली. मी विचारलं, "ऑरगॅनिक केमिस्ट्री कसं चाललंय?" म्हणाली, "बरं चाललंय मॅडम." पुढच्या सोमवारी पुन्हा आली ती डोळे सुजवून. दोन्ही चाचण्यांत नापास. विषय सोडायची मुदत आदल्या शुक्रवारी संपली होती.

इथं थोडं समजून घ्या, कारण निम्म्या मुलांना हा फरकच माहीत नसतो. बहुतेक ठिकाणी तीन टप्पे असतात. पहिल्या दोनतीन आठवड्यांत विषय काढून टाकला तर गुणपत्रिकेवर त्याची खूणही राहत नाही. त्यानंतर एका ठरावीक तारखेपर्यंत विषय सोडता येतो. गुणपत्रिकेवर तशी नोंद होते, पण सरासरीला धक्का लागत नाही. ती तारीख गेली की जे गुण पडतील ते पडतील. नावं आणि तारखा प्रत्येक विद्यापीठाच्या वेगळ्या, पण उतरंड साधारण हीच. दुसऱ्या टप्प्यातली नोंद म्हणजे काळा डाग, अशी मुलांची समजूत असते. एखादी नोंद कुणी पाहतही नाही. नापासाचा शेरा मात्र सगळे पाहतात.

मग मी तिचं वेळापत्रक मागितलं. ते मी आधीच मागायला हवं होतं. त्या एका सेमिस्टरमध्ये तीन लॅब: ऑरगॅनिकची, पेशीजीवशास्त्राची आणि भौतिकशास्त्राची. क्रेडिटची, म्हणजे विषयाच्या कामाच्या मापाची, बेरीज मात्र व्यवस्थित, मर्यादेच्या आत. हाच सापळा आहे. भारतातल्या पद्धतीत थिअरीचं एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरला पंधरा तास, तर लॅबचं एक क्रेडिट म्हणजे तीस तास. शिवाय जर्नल लिहायचं ते घरी. युरोपातल्या पद्धतीत सगळं काम धरून एका क्रेडिटला २५ ते ३० तास मोजतात आणि सेमिस्टरला ३० क्रेडिट. गुणाकार करा: साडेसातशे ते नऊशे तास. म्हणजे पूर्ण वेळेची नोकरीच, आणि तीही रिफ्लक्स लावलेला फ्लास्क फुटला नाही, रीडिंग पुन्हा घ्यावं लागलं नाही तर. फॉर्मवरचा आकडा खोटं बोलत नाही, पण तुमचे मंगळवार-बुधवार कसे जाणार ते त्यात कुठंच दिसत नाही.

माझा नियम: एका सेमिस्टरला दोनच लॅब. तिसरी घ्यायची असेल तर थिअरीचा एक अवघड विषय पुढं टाकायचा. हा नियम कुठल्याही पुस्तिकेत नाही, माझा आहे. त्यावर वाद घालायला येणारे येतात. "माझा मित्र तीन करतोय." करू दे. तो चौथ्या सेमिस्टरला कुठं असेल ते बघून मग बोलू.

आणि गुण लपवू नका. मी तुमची आई नाही, मला राग येत नाही. मला तारीख मोजायची असते.

बाकीच्या, थोडक्यात

सीनियरांच्या ग्रुपवर विचारून विषय ठरवणं. सीनियर खोटं सांगत नाहीत, पण ते वेगळ्या वर्षी प्रवेश घेतलेले असतात. पदवीचे नियम बहुतेक ठिकाणी तुम्ही ज्या वर्षी आत आलात त्या वर्षीचे लागतात. ती पुस्तिका पहिल्याच आठवड्यात उतरवून ठेवा. नंतर संकेतस्थळावर शोधायला गेलात तर नवीनच सापडते.

तोंडी परवानगीवर विसंबणं. "सर म्हणाले होते या विषयाऐवजी तो चालेल." सर आता वर्षभराच्या रजेवर आहेत आणि परीक्षा विभागाला सर काय म्हणाले ते ठाऊक नाही. भेट झाली की त्याच दिवशी दोन ओळींचा ईमेल टाका: "आज आपण असं ठरवलं, बरोबर ना?" समोरून "हो" आलं की ते जपून ठेवा. एवढं करणारा विद्यार्थी मला वर्षाला एखादा भेटतो.

पदवीच्या अटी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या हिरव्या टिकमार्कला भुलणं. टिक एवढंच सांगते की चौकट भरली. पुढं पीएच.डी.ला ज्या विषयात अर्ज करायचाय त्याचा पाया झालाय का, हे तिला कळत नाही. चॅटबॉटचंही तेच. तो तुमच्या विद्यापीठात नसलेला विषयही मोठ्या आत्मविश्वासानं सुचवतो. असे दोन कागद माझ्याकडे आले आहेत.

शैक्षणिक सल्लागार आणि संशोधनाचा गाइड एकच समजणं. गाइडला तुमचं काम त्याच्या लॅबमध्ये हवं असतं, आणि त्यात गैर काही नाही. पण "आणखी एक सेमिस्टर इथंच थांब" असं तो म्हणाला, तर ते पदवीच्या गणितात बसतंय का, हे विचारायला दुसऱ्या दाराशी जावं लागतं.

आईवडिलांना बरोबर आणणं. त्यांच्याबद्दल आदर आहे, पण त्यांच्यासमोर तुम्ही खरं बोलत नाही. अमेरिकेत तर १९७४ च्या कायद्यानं विद्यापीठात शिकणाऱ्याच्या शैक्षणिक नोंदींवरचा हक्क त्या विद्यार्थ्याकडेच जातो, काही अपवाद सोडले तर. कायदा असो वा नसो, माझ्या खोलीत खुर्ची एकच आहे.

"सोपा विषय कुठला?" या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. पूर्वी द्यायचे. मग कळलं की सोप्या विषयात तुमच्यासारखेच साठजण बसलेले असतात, शिकवणाराही कंटाळलेला असतो, आणि शेवटी तिथं कुणाचीच ओळख होत नाही. शिफारसपत्राच्या वेळी नेमकं ते आडवं येतं.

शिफारसपत्र परवा हवं म्हणून आज सांगणं. मला निदान तीन आठवडे लागतात. त्याबरोबर तुमचा बायोडेटा, कुठं आणि कशासाठी अर्ज करताय, प्रत्येक ठिकाणची मुदत, आणि माझ्या वर्गात तुम्ही केलेली एखादी गोष्ट, जी मी विसरले असेन. "या विद्यार्थ्याला माझ्या विषयात अ श्रेणी मिळाली" एवढंच पत्रात असेल तर ते लिहिण्यात अर्थ नाही. ते गुणपत्रिकेवर आहेच. एका मुलीनं मला आठवण करून दिली होती की लेझरची रीडिंग जुळेनात तेव्हा तिनं दर दहा मिनिटांनी खोलीचं तापमान टिपायला सुरुवात केली होती. तिच्या पत्रात तेवढी एकच गोष्ट मी अर्धं पान लिहिली.

आता वेळेचं. पहिला आठवडा आणि मुदतीचा आठवडा सोडून कधीही या. चौथा-पाचवा आठवडा सगळ्यात बरा. तेव्हा पहिली चाचणी होऊन गेलेली असते, विषय सोडायची तारीख लांब असते, आणि माझ्या खोलीबाहेर कुणी नसतं. येताना चालू वेळापत्रक, आतापर्यंतची गुणपत्रिका आणि एक पेन्सिल आणा. पाठकोरे कागद माझ्याकडे आहेत, खोडरबरही आहे.