पिल्ले सगळ्यात शेवटी आणा: परसातल्या कोंबड्यांची तयारी

नव्याने कोंबड्या पाळणाऱ्या घरांची बहुतेक धावपळ एकाच चुकीतून होते. पिल्ले आधी येतात आणि खुराडे नंतर बांधायला घेतले जाते. एका दिवसाचे पिल्लू ओंजळीत मावते, त्यामुळे हाताशी भरपूर वेळ आहे असे वाटते. पण पाच-सहा आठवड्यांत त्याच्या अंगावर पिसे भरतात, ते खोक्याच्या काठावर उडून बसू लागते आणि शिटेचा वास घरभर होतो. म्हणून खालची कामे याच क्रमाने उरका.

सुरुवात परवानगीपासून. तुमच्या भागात कोंबड्या पाळता येतात का, किती, आणि कोंबडा चालतो का, हे स्थानिक प्रशासनाकडे आणि सोसायटी असेल तर तिच्याकडे विचारून घ्या. शेजाऱ्यांशीही आधीच बोला. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. तो लागतो फक्त पिल्ले काढायची असतील तर. मात्र लहान पिल्लांत नर-मादी ओळखणे अवघड असते, तेव्हा चारात एक-दोन नर निघाले तर त्यांचे काय करायचे हे घरात आधीच ठरवा. पिल्लांना मुलांनी नावे ठेवल्यावर तो निर्णय फार जड जातो. संख्या चार ते सहा पुरे. कोंबडी कळपात राहणारा पक्षी आहे, एकटी ठेवली तर ती झुरते. तीनपेक्षा कमी कधीच नकोत.

आता खुराडे. वेळ आणि पैसा इथेच घाला. आतली जागा दर कोंबडीमागे किमान चार चौरस फूट, बाहेरचे जाळीबंद अंगण दर कोंबडीमागे आठ ते दहा चौरस फूट. जागा कमी पडली की कोंबड्या एकमेकींची पिसे उपटतात, आणि एकदा रक्त दिसले की सगळ्या त्याच जागी टोचत राहतात. बसायची दांडी दोन इंच रुंद आणि कडा घासून गोल केलेली हवी. दर कोंबडीला आठ-दहा इंच लांबी धरा. अंडी घालायची पेटी फूटभर लांब, रुंद आणि उंच, तीन-चार कोंबड्यांना एक. पेटी दांडीपेक्षा खाली लावा. कोंबड्या रात्री सगळ्यात उंच जागा पकडतात, त्यामुळे पेटी वर असली तर त्या तिच्यातच झोपतात आणि सकाळची अंडी शिटेने माखतात. हवेची वाट दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्याही वर, छपराला लागून ठेवा. दमट हवा आणि अमोनिया तिथून बाहेर पडतो आणि झोतही अंगावर येत नाही. सकाळी दार उघडल्यावर तुमचे डोळे चुरचुरले तर कोंबड्यांची फुप्फुसे रात्रभर तेच सोसत होती असे समजा.

जाळी निवडताना बहुतेकांची फसगत होते. षटकोनी भोकांची पातळ कोंबडी-जाळी कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. तो ती दातांनी फाडतो. अर्ध्या इंचाच्या चौकोनांची वेल्ड केलेली जाळी घ्या, म्हणजे मुंगूस आणि घूसही आत येत नाही. उकरून शिरणाऱ्यांसाठी जाळी जमिनीत फूटभर पुरा किंवा बाहेरच्या बाजूला तितकीच आडवी पसरून वर माती-दगड टाका. दाराला नुसती खिटी नको. कडी आणि तिच्यात अडकवायचा हूक, असे दोन्ही लावा.

खुराडे उभे राहिले की ब्रूडर, म्हणजे पिल्लांचे उबदार घर. पहिल्या दोन-तीन आठवड्यांना दर पिल्लामागे अर्धा चौरस फूट चालतो, पुढे एक. खोक्याचे कोपरे पुठ्ठा वाकवून गोल करा, नाहीतर पिल्ले कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. तळाला दोन इंच भाताचे तूस किंवा लाकडाचा जाडसर भुसा. नुसते वर्तमानपत्र अंथरू नका. त्यावर पाय घसरतात, कोवळे सांधे फाकतात आणि पिल्लू उभेच राहू शकत नाही. एलईडी दिव्याने ऊब मिळत नाही. तापणारा बल्ब किंवा उष्णता देणारी प्लेट हवी. बल्बवर टेफ्लॉनचा थर नसावा, कारण तो तापला की त्याच्या वायूने पक्षी मरतात. दिवा नुसत्या चिमट्यावर सोडू नका, वर साखळीनेही बांधा. भुशात पडलेला दिवा आग लावतो. पिल्ले यायच्या आदल्या दिवशी सगळे चालू करून २४ तास चालवून बघा. पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस हवे, मग दर आठवड्याला तीन अंश कमी.

थर्मामीटर ठेवा, पण विश्वास पिल्लांवर ठेवा. दिव्याखाली गठ्ठा करून मोठमोठ्याने चिवचिवत असतील तर थंडी वाजते आहे, दिवा खाली घ्या. कडेला पांगून चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर उकडते आहे, दिवा वर घ्या. काही खाताहेत, काही पसरून झोपलीत, आवाज हलका आहे, म्हणजे जमले. एका बाजूलाच दाटी दिसली तर वाऱ्याचा झोत कुठून येतो ते शोधा.

पिल्ले घरी आली की प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवा. पाणी कुठे आहे हे त्याला तेव्हा कळते. पाण्याचे भांडे उथळ ठेवा आणि त्यात गोटे टाका, कारण पिल्लू बोटभर पाण्यातही बुडते. रात्री एकेक उचलून गळ्याखालची खाद्याची पिशवी बोटाने चाचपा. भरलेली, मऊसर लागली तर ते जेवले आहे. सपाट लागली तर त्याला खाद्यापाशी नेऊन ठेवा. त्याच वेळी शेपटीखाली बघा. शीट वाळून तिथे बूच बसले असेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने मऊ करून काढा आणि अंग कोरडे करून पिल्लू उबेत ठेवा. वाळलेले ओढून काढू नका, कातडी फाटते.

खाद्य तीन टप्प्यांत बदलते. सुरुवातीला १८ ते २० टक्के प्रथिनांचे चिक स्टार्टर, साधारण आठव्या आठवड्यापासून ग्रोअर, म्हणजे वाढीचे खाद्य, आणि पहिले अंडे दिसू लागले की लेअर, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांचे खाद्य. लेअर खाद्यात कवचासाठी कॅल्शियम भरपूर असते, ते पिल्लांची मूत्रपिंडे बिघडवते. घाई करू नका. मोठी कोंबडी दिवसाला ११० ग्रॅमच्या आसपास खाते, म्हणजे सहा जणींना महिन्याला सुमारे २० किलो. याहून जास्त साठा करू नका आणि तो घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. बुरशीचा वास आलेले खाद्य फेकायचे, उन्हात वाळवून वापरायचे नाही. बुरशीचे विष उन्हाने जात नाही. शिंपल्यांचा चुरा आणि बारीक खडे वेगवेगळ्या वाट्यांत द्या. पाणी रोज पाव लिटर प्रत्येकी, उन्हाळ्यात दुप्पट.

पिल्ले घेतानाच कोणत्या लसी झाल्या आहेत ते विचारा. मरेक या विषाणूजन्य रोगाची लस अंड्यातून निघाल्याच्या दिवशीच दिली जाते. मानमोडीची (राणीखेत रोगाची) पहिली लस साधारण पहिल्या आठवड्यात डोळ्यात थेंब टाकून देतात. तारखा पशुवैद्याकडून लिहून घ्या. कुपीत अनेकदा शंभरावर डोस असतात आणि ती कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते, म्हणून जवळपासच्या पाळणाऱ्यांनी एकत्र लस घेणे शहाणपणाचे. तीन आठवड्यांनंतर पिल्लू पिसे फुगवून पेंगत असेल, शिटेत रक्त असेल तर रक्ती हगवणीची शंका घ्या. ती ओल्या भुशात वाढते. त्याच दिवशी औषध विचारा आणि भुसा बदला.

माणसांची काळजीही यादीत हवी. दिसायला ठणठणीत पक्ष्याच्या शिटेतही साल्मोनेला हा माणसाचे पोट बिघडवणारा जंतू असू शकतो. हाताळल्यावर साबणाने हात धुवायचेच. पिल्लाचे पापे घ्यायचे नाहीत, भांडी स्वयंपाकघराच्या मोरीत घासायची नाहीत, आणि पाच वर्षांखालच्या मुलांनी लांबूनच बघायचे. मोठ्या मुलांना पाणी बदलणे आणि अंडी गोळा करणे जमते. संध्याकाळी दार लावणे मात्र एका मोठ्या माणसाच्या नावावर लिहा. ‘कुणीतरी लावेल’ असे धरून चालले की एक दिवस दार उघडे राहते. गावाला गेल्यावर हे काम कोण करणार, त्याचेही नाव आत्ताच ठरवा.

अंगभर पिसे आली आणि रात्री फार थंडी नसली की खुराड्यात हलवा. पहिला आठवडा त्यांना आत आणि जाळीच्या अंगणातच ठेवा, म्हणजे हे आपले घर हे त्यांच्या अंगवळणी पडते आणि पुढे अंधार पडू लागला की त्या आपणहून परततात. अंगणाच्या एका कोपऱ्यात कोरडी माती आणि थोडी राख टाकून ठेवा. कोंबड्या त्यात लोळतात, आणि पिसांतल्या उवा त्याने कमी होतात. तलंगा, म्हणजे अजून अंडी न घातलेल्या तरुण कोंबड्या, साधारण पाचव्या-सहाव्या महिन्यात अंड्यावर येतात, काही त्याहून उशिरा. तुरा लाल होऊ लागला आणि पाठीवर हात ठेवताच तलंग खाली दबून बसू लागली की पेटीत ताजे तूस आणि एक लाकडी किंवा प्लॅस्टिकचे अंडे ठेवा. ती ते बघून तिथेच अंडे घालायला शिकते.